उंदराची चाल आणि तुझी

आये, तुझ्या पाया पडते.

सुकापूरला आमी सगळी बरी हाव. भावनावहिनीच्या पोराचा ताप उतरला का?

तळोज्याच्या लॅबमध्ये मी पिंजरे धुते. तिथं संधिवाताच्या औषधासाठी उंदरांचे पाय सुजवतात, काचेवर चालवतात आणि खालून शूटिंग करतात. उंदीर ओरडत नाय. दुखरा पाय अलगद टेकतो, मग कोपरा धरून बसतो.

प्रितमच्या हळदीत तू तशीच बसलेलीस. म्हणे, जेवण जड झालं. आजवर कुणाच्या हळदीत नाचायची राहिलीस तू?

तेल चोळणं पुरे. बोटं वाकडी झाल्यावर डॉक्टर काय करणार? शनवारी तुला दवाखान्यात न्यायला येते. मासळी वहिनी विकेल.

मी आल्यावर पावलांवर लुगडं ओढून बसू नको. मला बघायचीत.

तुझी तापट लेक,
दमयंती