बॅटरी काढून पाठवलेले फ्रिज

मंगळवार, संध्याकाळ

वाडीच्या गोदामातून लसीचे फ्रिज आज निघाले एकदाचे. पण बॅटऱ्या काढून. जिथे चालले आहेत त्या देशात लढाई सुरू आहे, गावांत वीज नाही, म्हणून तर सोलरचे फ्रिज घेतले होते. दिवसा ऊन, रात्री बॅटरी. आता रात्री काय?

मदत पाठवणाऱ्या सरकारनेच त्या देशावर निर्बंध घातले आहेत. बॅटरी म्हणे बंदूकवाल्यांच्या हाती पडेल. जसं काही ते आमच्याच बॅटरीसाठी खोळंबले होते. त्यांना सगळं मिळतं, कुठूनही मिळतं. साहेबांना हे बोललो तर म्हणाले, "तू काहून डोकं लावून राहिला गा? फ्रिज मदतीत बसते, बॅटरी बंदीत. आपल्याले ट्रक काढाचा आहे."

मग ट्रकसमोर नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. बॅटरी नसलेल्या फ्रिजांना नजर लागू नये म्हणून. प्रसाद मीही खाल्ला. चिडत चिडत, पण खाल्ला.

घरी पोचलो आणि लाईट गेली. थंड पाण्यासाठी फ्रिज उघडला तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "लाईट नाही ना बाप्पा, दार नको उघडू. दूध खराब होऊन जाईन."

तिकडे हे फ्रिज सांभाळणाऱ्या नर्सला निदान एवढं तरी कळवायला हवं होतं. रात्री दार उघडू नका. या सल्ल्यावर तरी बंदी नसावी.