पिवळ्यात पांढरा मिसळला तर

मंगळवार, संध्याकाळ. धाराशिव.

रंगज्ञानाच्या चाचणीत मीच विचारलं होतं, पिवळ्यात पांढरा मिसळला तर काय मिळेल. सगळ्यांनी फिका पिवळा लिहिलं. तुळजापूरच्या अश्विनीनं लाल लिहिलं. मी फुली मारली.

आज वर्गात पेपर नुसते दाखवले. ती जवळ येऊन म्हणाली, "सर, आमच्या घरी कुंकू असंच करतेत. हळदीत चुना कालवला की लाल होतंय."

ती रासायनिक क्रिया, रंगमिश्रण नव्हे, असं मी सांगितलं.

"पण लाल तर होतंय की, सर." एवढं बोलून जागेवर जाऊन बसली.

माझं बरोबरच होतं. मग घरी आल्यावर बशीत हळद कशाला घेतली? पानाच्या डब्यातला ओला चुना बोटानं कालवला. लगेच लाल. वीस वर्षं रंग शिकवतोय, हे कधी करून बघितलं न्हाय.

अर्धा मार्क द्यावा का? नको. प्रश्न रंगपेटीतल्या रंगांचा होता. फुली तशीच ठेवली. पेपर गठ्ठ्यात सारताना माझ्या बोटाचा लाल ठसा नेमका फुलीशेजारी उमटला. खोडरबरानं जाईना.

उद्या पेपर वाटायचेत.