पन्नासचे सहासष्ट

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज सकाळी मी तो भागाकार पुन्हा करून पाहिला. उत्तर तेच आलं. दुसरं यायचं कारणही नव्हतं.

सुरतेच्या तारघरात टेलिप्रिंटर आले तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तुमची सगळी नोकरी मोर्सच्या खटक्यावर गेलेली. जेवता जेवता तुमचं बोट ताटाच्या कडेवर चालायचं आणि आई ओरडायची, "अहो, तारा तिकडे ऑफिसात. इथे आमटी गार होतेय." आता खात्याने सांगितलं होतं की टायपिंगची परीक्षा द्या, पास झालात तर यंत्रांच्या खोलीत राहाल, नाहीतर खिडकीवर बसून लोकांच्या तारांचे शब्द मोजाल. यंत्राचा वेग सांगितला होता पन्नास. तुम्हा जुन्या तारवाल्यांना वेगाचं एकच माप ठाऊक, मिनिटाला किती शब्द. म्हणून पन्नास म्हणजे पन्नास शब्द, हे तुम्ही सगळ्यांनी कुणालाही न विचारता धरून टाकलं. तुमच्याच खोलीत काम करणारे शेजारचे गुजराती काका आमच्या ओट्यावर बसून मांडीवर थाप मारतात, "भाऊ, पचास ज छे ने? एने तो आपणे हरावी दईशुं!" यंत्राला म्हणे आपण हरवून टाकू, आणि तुम्ही हसता. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

तुम्ही भागळच्या टायपिंग क्लासात नाव घातलंत. पहिल्या दिवशी तिथली बाई म्हणाली, "काका, मुलीचं नाव घालायचं असेल तर समोरच्या टेबलावर." हे तुम्ही घरी येऊन स्वतःच सांगितलंत, नक्कल करून. परीक्षेत यंत्राला हरवायला कुणीच सांगितलं नव्हतं, त्याहून बरंच कमी चालणार होतं. पण तुम्हाला नुसतं पास व्हायचं नव्हतंच, पन्नास गाठायचे होते. ऑफिस सुटलं की क्लास, आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाटावर बोटं. आई म्हणे, "आधी एक बोट होतं, आता दहा आली."

त्या संध्याकाळी मी कॉलेजच्या ग्रंथालयातलं पुस्तक घेऊन तुमच्यासमोर बसले. तुम्ही भाकरी मोडत होता. मी सांगितलं, नाना, हे पन्नास शब्द नाहीत. तारेवरून सेकंदाला पन्नास ठोके जातात. एका अक्षराला पाच ठोके, शिवाय आधी एक यंत्राला जागं करायला आणि शेवटी दीड त्याला थांबवायला. म्हणजे अक्षरामागे साडेसात. भागा. मिनिटाला चारशे अक्षरं होतात, आणि मधली जागा धरून शब्दाला सहा घेतली तर सहासष्ट शब्द.

"पन्नासच्या यंत्राचे सहासष्ट? असं कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? भागाकार आहे."

तुमचा चेहरा पाहून मला वाटलं, धीर द्यायला हवा. म्हणून म्हणाले, पण तुम्ही त्याच्याशी धावायचं कारणच नाही. आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून मजकूर साठवून ठेवायचा. मग पट्टी यंत्रात घातली की ती आपल्या वेगाने आपोआप जाते. माणूस मागे पडला तरी तारेचं काही अडत नाही.

तुम्ही विचारलंत, "म्हणजे मी कितीही हळू मारलं तरी चालेल?"

"चालेल," मी म्हणाले.

तुम्ही उठून हात धुतलेत. क्लासला पुन्हा गेला नाहीत. परीक्षेच्या दिवशी अंगात कणकण आहे म्हणून पडून राहिलात. आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि काढून घेतला, कपाळ गारच होतं. मग निवृत्त होईपर्यंत खिडकी. काका पास झाले. यंत्राला हरवायची गोष्ट त्यांनी परत कधी काढली नाही, आणि ओट्यावर येणंही कमी केलं.

पुढे सत्तरच्या दशकात, तुम्ही गेल्यावर, सुरतेजवळ उधन्याच्या एका कापड कंपनीत मी हेच काम केलं. टेलिफोनच्या लाइनीवरून मोडेमने मुंबईच्या कॉम्प्युटरला आकडे धाडायचे. तिथली टेप जे आकडे डोळ्याचं पातं लवतं तोवर साठवून घेऊ शके, ते आमची लाइन अर्धा दिवस चघळत बसे. त्या दोन वेगांचा मेळ घालणं, एवढंच माझं काम. मॅनेजर विचारायचा, "बेन, त्रणसोनुं मोडेम, एटले सेकंडे त्रणसो अक्षर ने?" मी म्हणायचे, "तीनशे नाही, तीस. तीनशे ते ठोके, आणि अक्षरामागे दहा ठोके जातात." "तीस! एटलामां तो टपाली पहोंची जाय!" तेवढ्यात पोस्टमन पोचेल म्हणून हसायचा, चहा मागवायचा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारायचा. भागाकाराने त्याचं काहीच जात नव्हतं. तुमचं त्या संध्याकाळी काय गेलं, ते मला तेव्हा कळलं. पण आता त्या कळण्याचा उपयोग कुणाला होणार होता?

तुम्ही आज विचारलंत तरी मी सहासष्टच सांगेन. खोटं सांगून तुम्हाला परीक्षेपर्यंत खूश ठेवलं असतं, असं मी लिहिणार नाही. हे पत्रही कुठे जायचं नाही. पण एक आहे, नाना. आयुष्यभर मी प्रत्येक तारेचा, पट्टीचा, टेपचा वेग काढला. तुम्ही क्लासात इतके दिवस बसत होता, तर शेवटी मिनिटाला तुमचे किती शब्द होत होते, ते मी विचारलंच नाही. मला ते माहीत नाही.