पत्र्याचे डोळे

याकुमिसच्या होडीतून, २९ जुलै

फ्रोसो, माझ्या पाखरा,

तिकडे मेलबर्नला तू, स्टाव्रोस आणि मुलं खुशाल असाल. आम्ही दोघं नवराबायकोही ठीक. याकुमिसचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे, होडीत बसून लिहितेय आणि वारा सुटलाय. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून.

फिदूसा बेटावर संत आगिया पारास्केवीचा सण झाला. यंदा चर्च रंगवायची आणि जेवण घालायची पाळी आपल्या घराची होती. आदल्या दिवशी याकुमिसने मला आणि आपल्या आर्गिरो वहिनीला चुन्याच्या बादल्यांसकट वाळूवर उतरवून दिलं. आई चादरी धुवायची आणि आपण परकरांनिशी पाण्यात उड्या मारायचो, तोच किनारा. बेटावर राहायला अजूनही शेळ्यांशिवाय कुणी नाही, पण दिवसा परदेशी लोक होड्या भरभरून येतात आणि तेल चोपडून पडतात. आर्गिरो म्हणाली, "आपल्या आज्या उन्हापासून तोंड लपवायच्या, आणि या बघ, मासळीसारख्या उलटून पालटून भाजून घेतायत!"

चर्चची समुद्राकडची भिंत मी घेतली. जरा वेळाने बघते तर आर्गिरो माझ्या मागे येऊन त्याच भिंतीवर पुन्हा कुंचला फिरवतेय. "मधे मधे तशीच सोडलीस गं. लक्ष कुठे आहे तुझं?" मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. ऊन आमच्या पाठीवर होतं, पण ती नुसती कुंचला फिरवत राहिली. आर्गिरो काही बोलत नाही म्हणजे नवलच.

सणाला सगळे आले. लिंबातलं बोकडाचं मटण चांगलं जमलं होतं, आईसारखं नाही, पण पातेलं पुसून खाल्लं लोकांनी. प्रार्थना झाल्यावर मी डोळे राखणाऱ्या आपल्या संतेच्या चित्राला डोळ्यांचा नवसाचा पत्रा बांधला. दोन डोळे ठोकलेला, आपण लहानपणी मोजत बसायचो तसलाच. आर्गिरोने लगेच पाहिलं.

"हे कुणासाठी गं, मारुसो? याकुमिसला परदेशी बायका नीट दिसेनात का?"

"शेळीसाठी," मी म्हटलं. "उतारावरून सारखी गडगडते."

आपले पाद्री पापा निकिफोरोससुद्धा दाढीत हसले. मीही हसले. थाप मारून सुटका झाली की किती हलकं वाटतं.

मग चर्चच्या मागून थालियाने हाक मारली. ही अथेन्सची पोरगी. दर उन्हाळ्यात तिची माणसं तिथे जुन्या देवांचं देऊळ खणत असतात. "कीर्या मारुसो, इकडे या, तुम्हाला बघायलाच हवं असं काहीतरी सापडलंय!" तिने फडकं बाजूला केलं. मी वाकले आणि म्हटलं, "वा, काय सुंदर आहे गं!"

ती जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "कीर्या, दगड या बाजूला आहे." आणि माझा हात धरून तिने संगमरवरावर ठेवला.

फ्रोसो, माझ्या बोटांखाली दोन डोळे होते. वरच्या, खालच्या पापण्या कोरलेल्या, मधे फुगीर बुबुळं. दोन हजार वर्षांहून जुने आहेत, म्हणाली. कुणीतरी बाईने देवीला वाहिलेले. खाली नाव होतं, पण अर्धा दगड तुटलाय.

"बरे झाले का तिचे डोळे?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही, कीर्या."

मी तिथेच धुळीत फतकल मारून बसले आणि रडले. थालिया पाठीवरून हात फिरवत राहिली. वाईट वाटून नाही गं रडले, म्हणजे नुसतं वाईट वाटून नाही. ती बाईही माझ्यासारखीच दम खात देवळापर्यंतची चढण चढली असेल. तिलाही कुणी विचारलं असेल, हे कुणासाठी? आणि तिनेही शेळीवर ढकललं असेल. मला एकदम सोबत मिळाल्यासारखं झालं.

आता तुला कळलंच आहे, तर सांगते. मी होडीत नाही. स्वयंपाकघरात बसलेय, वारा नाही, आणि जाड पेनाने तिरकं बघत लिहितेय. अथेन्सच्या डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं. आंधळी होणार नाही, कडेचं दिसत राहील, मधलं तेवढं पुसत जाईल. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजवा झाकून आर्गिरोकडे बघितलं तर कानातले डूल दिसतात, केस दिसतात, चेहरा नाही. उजवा अजून बरा आहे. किती दिवस, ते विचारलं की डॉक्टर खांदे उडवतात.

याकुमिसला मी काही सांगितलेलं नाही. पण पायऱ्यांच्या कडांना ईस्टरला चुना लावला होता, तो त्याने परवा पुन्हा लावला, चांगला जाडजूड. "चुना उरला होता," म्हणाला. त्या मुलखाच्या आळशाला चुना उरला म्हणून वाईट वाटणार! मी त्या कडा बघत खाली उतरले आणि त्याला कॉफी करून दिली.

फोनच्या पडद्यावर तू दिसतेस, ते मला पुरत नाही. तिथे तू तळहाताएवढी असतेस आणि हलत असतेस. मला तुझ्या कपाळावरचा, फिदूसाच्या खडकावर आपटून झालेला व्रण बघायचाय. तुझं तोंड आता आईसारखं झालंय, असं सगळे म्हणतात. तेही मला बघायचंय.

मी संतेकडे डोळे बरे कर म्हणून मागितलं नाही. तसं मागणाऱ्या तिच्या दारात पुष्कळ आहेत. मी म्हटलं, फ्रोसो येईपर्यंत उजवा राहू दे. तिच्याकडचं तिच्यावर सोपवलंय. तुझं मात्र तुझ्याकडे आहे, आणि या वेळी "पुढच्या उन्हाळ्यात" म्हणू नकोस. तुझा आवाज मी नंतरही ऐकत राहीन.

धक्क्यावर उतरलीस की लांबून हाक मारू नकोस. जवळ ये, माझ्यासमोर गप्प उभी राहा, आणि आधी मला तुला ओळखू दे.

तुझी,
मारुसो