जास्वंदीचे कुंपण आणि नळाजवळची मोकळी जागा

मी, खाली सही करणार, वय वर्षे सव्वीस, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्तीचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. उद्या माझे अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, एवढ्यासाठी कोणी मृत्युपत्र करत नाही. पण दुकानाला कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून पाहणारा मी माणूस आहे.

१. राहते घर ताईला द्यावे. कानशी, पकडी आणि बिनकिल्लीची सगळी कुलपे भाच्याला. ड्रिल मशीन भावोजींना. तसेही नेल्यापासून ते त्यांच्याकडेच आहे.

२. शेजारच्या शिंपीणकाकूंच्या हद्दीवरचे जास्वंदीचे कुंपण कोणी तोडू नये. काकूंची शिवणाची खिडकी माझ्या नळासमोर येते. मी दात घासायला आलो की मशीनची खडखड थांबायची. आडोसा हवा म्हणून मी बांबू ठरवला. काकू म्हणाल्या, बांबूची मुळे भिंतीखालून आमच्याकडे चहाला येतील. मग कण्हेर ठरवली. ती विषारी, आणि त्यांची शेळी दिसेल ते खाणारी. शेवटी हट्टाने सुरूचे वृक्ष लावले. ते उंच वाढले आणि खाली सगळे मोकळेच राहिले. काकू म्हणाल्या, "डोकं झाकलं, गुडघे उघडे."

तेव्हा त्यांची मुलगी हद्दीच्या तारेवरून जास्वंदीच्या फांद्या देऊ लागली. वीतभर फांदी, खालची पाने काढून, तिरकी खोचायची. रोज एकच देई. सगळ्या एकदम दिल्या असत्या तर काम एका सकाळीच उरकले असते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

३. कुंपण आता इतके दाट झाले आहे की खिडकी दिसत नाही, आणि मला चैन पडत नाही. म्हणून नळाजवळ एक माणूस जाईल एवढी जागा सोडली आहे. माझ्या पश्चात तिथून येण्याजाण्याचा हक्क काकूंच्या मुलीला राहील. माझ्या हयातीत ती येईल का, हे विचारायचे धाडस झाले नाही, म्हणून इथे लिहिले.

४. (साक्षीच्या वेळी वाढवलेले कलम.) साक्षीच्या सहीसाठी मी तिलाच बोलावले. कागद दुमडून फक्त सहीची जागा पुढे केली. तिने तो उलगडून सगळा वाचला आणि पेनाला टोपण लावले.

"मी सही करणार नाही."

माझे पोट दुखले. अपेंडिक्सच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या.

"साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही," ती म्हणाली. "आणि मला हे हवंय."

पलीकडून काकूंनी विचारले, "मोठी कात्री आणू का रे? एका माणसाच्या जागेत दोघं कशी मावणार?"

सबब कलम ३ मधील हक्क, माझ्या मरणाची वाट न पाहता, आजपासून लागू. जागा दोन माणसांची करावी. कलम १ मधील घराचा फेरविचार मी बरा होऊन आल्यावर होईल. ताईने राग मानू नये.

साक्षीदार:
१. दुकानाशेजारचे न्हावीमामा (सही)
२. डॉक्टर (सही, हसत हसत)

लिहून देणार: कुलूपवाला (सही)
ठिकाण: राहते घर, जास्वंदीच्या अलीकडे
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, सोमवार. कात्रीचा आवाज चालू असताना.