गुडघ्यानं लावलेलं दार

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

मुक्काम वाडी, तालुका तासगाव
कार्तिक शुद्ध सप्तमी, सन १९७६

राजमान्य राजेश्री दादासो भाऊजी, मुक्काम सांताक्रूझ, यांस तुमच्या थोरल्या वैनीचा, म्हंजे राहीबाईचा, रामराम. (आशीर्वादच लिवनार हुते, पर आशीर्वाद वाकलेल्या मानसाला देत्यात, आन् तुमी माघात जाताना वाकला न्हाईसा. तवा सध्या रामरामावर भागवा.) तुमची पाठ कशी हाय? आमच्या जाऊबाईचं, शालूबाईचं, गुडघं थंडीत धरत्यात का अजून? तिला म्हनावं निर्गुडीचा पाला शेकत जा, मुंबईत पाला मिळत नसंल तर तुमाला शेक म्हनावं, तुमी बी हिरवंच हायसा अजून. हिकडं समदं खुशाल हाय. म्हशीला रेडी झाली, लय गुनाची हाय, तिला आजून कुनाची चेष्टा करता येत न्हाई.

आता तुमी म्हनशीला, नऊ म्हयने गप बसलेली ही बया आज का लिवाय बसली. सांगते. मी चौथी शिकलेली, माझं लिवनं म्हंजे बैलगाडी, चाकुरी सोडून कडंकडंनं जातंय, तवा दमानं वाचा. पयलं तुमच्या दादांचं वर्षश्राद्ध आठवा. जेवनं उरकली हुती, भावकी मांडवात सुपारी कातरत बसली हुती, आन् कुनीतरी तुमाला इचारलं की बाबा, इमानतळावर तू नेमकं करतूस काय. तुमी म्हनला, मालाचं दार लावतो. तिथंच निम्मी भावकी गालात हसली. पर तुमी मनावर घेतलं न्हाईसा, तुमी जीव लावून सांगाय लागला.

मला त्ये अजून पाठ हाय, खोटं वाटत असंल तर बघा. मानसं चढायचं दार येगळं आन् मालाचं दार येगळं. मानसांचं दार आपल्या भोकापरास मोठं असतंय आन् आतल्या अंगानं बसतंय, मग इमान जितकं वर जाईल तितकी आतली हवा त्येला दाबून धरती. (बरणीला आतनं बूच मारल्यावानी.) पर मालाचं दार आत उघडलं तर पेट्या ठेवायला जागा कुठली ऱ्हानार, म्हनून त्ये भाईर उघडत्यात. झालं, मग तीच हवा त्येला भाईर ढकलती, आन् थोडीथोडकी न्हवं, पन्नास पोत्यांचा रेटा. तो रेटा सोसायला दाराच्या बुडाला लोखंडाचे आकडे, त्ये खालच्या दांडीला मिठी मारत्यात. मिठी मारायचं काम इजेची मोटार करती. पर मिठी सुटू ने म्हनून परत्येक आकड्यामागं एक खीळ बसती, आन् ती खीळ तुमी भाईरनं हँडल दाबून बसवायची. त्याच हँडलावर दारातली एक बारकी झडप मिटती. खिळी बसल्या न्हाईत तर झडप उघडी ऱ्हाती, झडप उघडी तर इमानात हवा भरत न्हाई, म्हंजे वर जायच्या आदीच कळतंय. आन् एवढं करून इस्वास नगं म्हनून दारात रुपयाएवढी भिंगाची खिडकी, तिच्यातनं एक डोळा मिटून खिळी बघायच्या. (एक डोळा मिटायची तुमाला ल्हानपनापासनं सवय हाय, शालूबाईला इचारा.)

मग तुमी त्या दिवसाचं सांगितलं. हँडल दोन बोटं वर ऱ्हायलं. वर तीनशे मानसं पट्टं बांदून बसलेली. तुमचा साहेब म्हनला, गुडघा घाल. तुमी म्हनला, आडलेल्या हँडलावर जोर चालत न्हाई. गुडघा घातला तर हँडल जातंय खाली, पर आतला दांडा वाकतोय, पायलटाफुडचा 'दार उघडं' सांगनारा दिवा बी इजतोय, आन् दार लागल्यावानी दिसतंय, लागलेलं नसतंय. तुमी 'लागलं' म्हनून अंगठा वर केला न्हाईसा. दार परत उघडलं, तपासलं, परत लावलं. इमान अडीच तास उशिरा गेलं. आन् सापडलं काय, तर काय बी न्हाई. दुसऱ्या येळंला हँडल लोन्यात सुरी जावी तसं गेलं. तुमाला ठपक्याचा कागूद मिळाला आन् दारावरनं काढून वजनकाट्यावर बसवलं. ह्ये समदं सांगून झालं, आन् तुमी समद्यांना सोडून माझ्याकडं बघून इचारलं,

"वैनी, मी चुकलो का?"

आन् मी काय म्हनले? मी म्हनले, "भाऊजी, तुमच्या दादांनी चाळीस वर्सं गोठ्याचं दार नुसत्या सुंभानं बांदलं, पर एक बी म्हस उडून गेली न्हाई."

मांडव खदाखदा हसला. सुपारीवाल्यांच्या सुपाऱ्या सांडल्या. तुमी बी हसला, पर तुमचं हसू त्या हँडलावानी दोन बोटं वरच ऱ्हायलं हुतं. मी बघितलं, बघूनबी म्होरं दोन चेष्टा आनिक केल्या. सकाळी पयल्या एसटीनं तुमी गेलासा, च्या बी घेतला न्हाईसा. मागं गावानं तुमचं नाव 'कडीवाले' पाडलं. पारावर पोरं एकमेकाला गुडघा दाखवायला लागली.

आता खरं सांगते भाऊजी, उगं सोंग न्हाई. तुमचे दादा गेल्यापासनं वर्सभर मला बघून मानसं आवाज बारीक करायची. मी नळावर गेली की बाया गप. पूर्वी मी गेली की हसायला सुरुवात व्हायची. त्या दिशी पयल्यांदा माझ्या बोलन्यावर मांडव हसला, आन् मला ती हाव आवरली न्हाई. त्येची किंमत तुमच्या पदरातनं दिली. चोरीच की ही.

पर एवढं कळाय मला नऊ म्हयने लागले, आन् ते बी आपलं आपन कळलं न्हाई, रस्त्यावर पडून कळलं. त्येचं असं झालं. दिवाळीच्या आदी मी सांगलीला हळद दळाय नेली. आमच्या वाटनीची तीन पोती हळकुंडं हुती. नाथाजीचा ट्रॅक्टर चालला हुता, ट्रॉलीत टाकली. (नाथाजी म्हंजे खालच्या आळीचा, बायकूला भेतो त्यो. तुमच्या वळखीत तसे दोघंतिघं असतील, ह्यो टोपी घालतो.) गिरनीत दळून परत ट्रॉलीत चढवली. नाथाजीनं ट्रॉलीचं मागचं दार, म्हंजे फाळका, उचलून लावला. आकडा बसला, पर आकड्यामागं खीळ जाईना. नाथाजी म्हनला, वैनी, वाकडं बसलंय, उतरवून परत लावू. मी म्हनले, दिस कलला, म्हशीची धार काढायची हाय, तुझं काय जातंय. त्यो म्हनला, खीळ आडली हाय. आन् भाऊजी, मी माझा हा उजवा गुडघा त्या खिळीवर ठेवला आन् दिला दनका. गेली आत. भाईरनं बघितलं तर बेस लागलेलं. म्हनून मी पोत्यांवर चढले आन् फाळक्यालाच पाठ लावून महारानीवानी बसले.

कवलापूरच्या म्होरं चढ लागला. पोती हळूहळू मागं सरकली. आतनं रेटा आला. तवा मला भिंगाची खिडकी आठवली, शपत. पर तवर खिळीनं आंग टाकलं, आकडा सुटला, फाळका धाडदिशी खाली, मी खाली, आन् माझ्या मागनं तिन्ही पोती. पोती फुटली. दीड मन हळद माझ्या डोक्यावरनं, नाकातनं, झंपराच्या आतनं. डोळं उघडलं तर समदं जग पिवळं.

तेवढ्यानं भागलं आसतं तर देव कशाला म्हनायचा. मागनं एसटी येत हुती, आन् कुठली, तर आपल्याच गावची. थांबली. निम्मं गाव खाली उतरलं. कुनी मला धरलं, कुनी पोतं धरलं. मी रस्त्यात बसलेली, कपाळापासनं पायापत्तूर हळदीची, नवरीवानी. समदे एकमेकांकडं बघाय लागले, हसावं का न्हाई कळंना. आन् धोंडुबाई, माझी चाळीस वर्सांची मैतरीन, कंबरंवर हात ठिवून म्हनली,

"राहे, न्हवरा कुटल्या गावचा गं?"

एसटी हसली. कंडक्टर हसला. नाथाजी बी तोंड फिरवून हसला. आन् मला, भाऊजी, आयुष्यात पयल्यांदा उत्तर सुचलं न्हाई. तुमाला म्हाईत हाय, मला झोपेत इचारलं तरी दोन उत्तरं देते. पर त्या टायमाला माझ्या मनात एवढंच आलं, की ही हळद ज्येच्या नावानं लागली हुती त्यो मानूस न्हाई, आन् ह्यी मानसं माझ्यावर हसत्यात, आन् ह्येंच्यात एक बी वाईट न्हाई. धोंडुबाईच्या पोटात काय न्हवतं. तिच्या जागी मी असती तर ह्याच्यापेक्षा चांगलं बोलले असते. म्हनूनच लागलं. मी बी दोन बोटं हसले. आन् तुमचं तोंड माझ्या डोळ्याम्होरं आलं.

हळद आठ दिवस निघाली न्हाई. मी आठ दिवस दार लावून बसले. धोंडुबाई येऊन गेली, दारातनं बोलली, मी कडी काढली न्हाई. मग कळलं की एसटी पकडून जानारा मानूस च्या का घेत न्हाई.

तवा तुमी इचारल्याचं उत्तर देते, उशीर झालाय खरा. तुमी चुकला न्हाईसा. दारात काय सापडलं न्हाई म्हनून तुमी चुकला असं व्हत न्हाई. माझ्या फाळक्यात तरी काय सापडलं? आकडा धड, खीळ धड, फकस्त गुडघा घालनारी बाई येडी. तुमी गुडघा घातला न्हाईसा म्हनून तीनशे मानसं अडीच तास तुमाला शिव्या देत बसली, आन् घरी जाऊन जेवली. तुमचे दादा आसते तर त्यांनी ह्येच सांगितलं आसतं, आन् मला वर दोन शब्द ऐकवले आसते.

शालूबाईला आशीर्वाद (ती वाकती). तुमाला काय लिवायचं ते वर लिवलंच हाय.

तुमची वैनी,
राहीबाई हंबीरराव

ता. क. माफी ह्या पत्रातनं मागायची न्हाई असं ठरवलंय. चेष्टा चारचौघात केली, माफी कागदावर कशी चालंल? ती भावकी, त्यो मांडव, ती सुपारी, समदं परत पायजे. फुडच्या म्हयन्यात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला आपली समदी भावकी जाती, तिथं या. मी समद्यांच्या म्होरं उठून सांगते. कडीवाले म्हननाऱ्याला आदी माझ्याशी बोलावं लागंल.

ता. क. दुसरा. रथाला मी जाईन का, ह्येचा भरवसा न्हाई. तवा घरीच या, भावकीला घरीच बोलावते. कारन काय, तर तो उजवा गुडघा. मिरजेच्या डाक्टरनं मांडीपत्तूर पिलास्तर घातलंय, दीड म्हयना खाटेवर. वर खुशाल लिवलंय त्ये म्हशीचं समजा. न्हाईतर मी सोताच सांताक्रूझला येनार हुते, पिशवी बी भरली हुती. शालूबाईला पायाचं सांगू नगा, ती रडती आन् पाला पाठवती. आन् तुमी आलासा म्हंजे चेष्टा बंद हुईल असं बी समजू नगा. फकस्त तुमी काय इचारलंसा तर आदी उत्तर देईन, मग चेष्टा.

ता. क. तिसरा. ह्या पत्राचं उत्तर लिवू नगा. येनारा मानूस उत्तर लिवत न्हाई, न येनारा लिवतो, 'कामामुळं जमत न्हाई' म्हनून. माझी खाट दाराम्होरं टाकून घेतली हाय. पोस्टमन रोज अकराला जातो. त्येला सांगून ठिवलंय, मुंबईचं पाकीट आलं तर माझ्या दारात थांबायचं न्हाई, सरळ म्होरं जायचं.