कोपरा फाटलेल्या बाटल्या

जुल्फा, इस्फहान, इराण

आदरणीय अर्शाविरभाऊ यांस,

मिहरानचा सादर नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा करा. तुमचे पत्र आपल्या नाताळात आले (आपल्या, म्हणजे जानेवारीतल्या. तुमच्या तिकडच्या दुकानदारांच्या नाताळात नव्हे) आणि उत्तर लिहायला बसलो आहे ते अंगणात द्राक्षे पिकायला लागली तेव्हा. तुम्ही मला मेलेला धरले असेल. मेलो नाही. मरायची वेळ दारापर्यंत येऊन गेली, ती कशी ते पुढे सांगतो. तुमचा गुडघा कसा आहे? नवा बसवलात, फोटो पाहिला. (इथे आमचे जुनेच गुडघे आहेत, पण आम्ही त्यांचे फोटो कोणाला पाठवत नाही.) वहिनींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो. तुमची बहीण सिरानुश ठणठणीत आहे आणि माझ्याशी नेहमीप्रमाणे अर्धेच बोलते. नदीला पाणी नाही, मला झोप नाही, बाकी सर्व क्षेम आहे.

हे पत्र टपालाने येणार नाही, कोणाच्या तरी सामानातून येईल. वाचून झाले की जाळा. जाळण्यापूर्वी फोटो काढू नका.

तर तुम्ही पत्रासोबत यीस्टची पुडी पाठवलीत आणि लिहिलेत की मिहरान, पावाच्या यीस्टवर तू जी करतोस ती बिअर नव्हे, तो ओला पाव आहे. ठीक आहे. हाच ओला पाव तुम्ही इथे असताना ग्लासांमागून ग्लास रिचवून माझ्या गच्चीवर गाणी म्हणत होतात, पण माणूस कॅलिफोर्नियात गेला की त्याची जीभ आधी नागरिक होते आणि तो मागाहून. तुम्ही तिथे दुकानात जाता, शंभर प्रकारच्या बिअर मांडलेल्या असतात, तुम्ही त्यातली एक उचलता, तिच्यात संत्र्याची फोड बुडवता आणि मला लिहिता की बिअर करणे हे एक शास्त्र आहे. विकत घेण्याचे शास्त्र आम्हालाही जमले असते.

आपली पद्धत तुम्ही विसरला नसाल. दुकानातून जवाच्या पाण्याचे क्रेट आणायचे (तेच ते, दिसायला बिअर आणि प्यायला सरबत, सगळे इस्फहान कबाबाबरोबर पिते ते), बादलीत ओतायचे, साखर आणि यीस्ट घालून झाकून ठेवायचे, बुडबुडे थांबले की पुन्हा त्याच बाटल्यांत भरायचे, प्रत्येकीत चिमूटभर साखर टाकून हातयंत्राने झाकणे ठोकायची. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आपण आर्मेनियन, ख्रिस्ती, आपल्या घरात आपल्यापुरते करून प्यायलो तर कोणी विचारत नाही. पण त्यातली एक बाटली जरी शेजारच्या मुसलमान घरात गेली तर करणाऱ्याला कोर्टात उभे करतात, आणि माझ्या वयात उभे राहणे हीच मुळात शिक्षा आहे.

तुमच्या पुडीबरोबरचा इंग्रजी कागद मी शब्दकोश घेऊन वाचला. मी सहावीपर्यंत शिकलेला, आणि माझे इंग्रजी म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांची नावे. त्या कागदावर लिहिले होते की बादली तळघरासारख्या गारव्यात ठेवा. जुल्फ्यात! उन्हाळ्यात! शेवटी बादली न्हाणीघरातल्या टबात ठेवली, तिच्यावर ओली रजई गुंडाळली आणि तासातासाला उठून रजईवर पाणी मारत बसलो, जणू तापाने फणफणलेले पोर सांभाळतो आहे. सिरानुश आंघोळीला बहिणीकडे जायची आणि जाताना मला ऐकू जाईल अशा बेताने सुस्कारा सोडायची. कागदावर तीन ठिकाणी लिहिले होते की धीर धरा. अहो, ज्याला धीर धरता येतो तो चहा पितो.

आता माझी युक्ती ऐका, कारण तुमच्या शास्त्रात ती नाही. जिन्याखाली दोन प्रकारच्या बाटल्या झाल्या. एक आपली बिअर आणि दुसरे पाहुण्यांसाठी तसेच ठेवलेले दुकानातले जवाचे पाणी. बाटली तीच, झाकण तेच. खूण तर हवी. पण झडती घ्यायला कोणी आला तर तो आधी खुणेचीच बाटली उचलणार, नाही का? म्हणून मी साध्या जवाच्या पाण्याच्या बाटल्यांना खूण केली, लेबलाचा खालचा कोपरा फाडला, आणि बिअरला काहीच केले नाही. हुडकणारा हुडकेल तेव्हा त्याच्या हाती सरबत! सिरानुशला ही युक्ती समजावून सांगितली तेव्हा तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. तिला कौतुक बोलून दाखवता येत नाही.

(बुधवार. काल इथेच थांबलो, छातीत धडधडायला लागले होते. सिरानुश म्हणाली, ती काकडीची कोशिंबीर आहे.)

हाजी नेमतुल्ला तुम्हाला आठवत असतील, मधल्या भिंतीपलीकडचे, कापडगिरणीतून निवृत्त झालेले. क्रांतीच्या वेळी आमच्या घरावर दगड येण्याच्या दिवसांत हा माणूस आमच्या दारात खुर्ची टाकून बसला होता, आणि तेव्हापासून रोज दुपारी आमचा सोंगट्यांचा डाव असतो. डावात ते लबाडी करतात पण माणूस सोन्यासारखा आहे. त्यांना मुतखडा झाला. कण्हणे भिंतीतून ऐकू यायचे. डॉक्टरने सांगितले, भरपूर जवाचे पाणी प्या. ते महिनाभर पीत होते, खडा जागचा हलत नव्हता. मी न्हाव्याकडे गेलो असताना ते आमच्याकडे आले आणि सिरानुशला म्हणाले, वहिनी, तुमच्याकडे क्रेटच्या क्रेट येताना बघतो, गल्लीतल्या दुकानातलं संपलंय, चार बाटल्या द्या, जीव चाललाय. तिने दिल्या.

मी आलो, ऐकले आणि विचारले, कोणत्या दिल्यास? म्हणाली, कोपरा फाटलेल्या. भाऊ, माझी खूण! माझ्या हाताने केलेली खूण, आणि ती बाटली हाजींच्या फ्रिजमध्ये! तुमची बहीण काहीतरी बोलायला गेली, मी म्हटले, एक शब्द नको, आवाज पलीकडे जातो. ती पुन्हा तोंड उघडायला लागली, मी पुन्हा हाताने गप्प केले. अशा वेळी बाईमाणसाने समजूत काढायला बघावे हे स्वाभाविक आहे, पण संकटात डोके एकाचेच चालले पाहिजे.

पुढे काय झाले असेल? दुसऱ्या दिवशी हाजी स्वतःच्या पायांनी आले, चेहरा फुललेला, हातात गझ मिठाईचा डबा. मला मिठी मारली. म्हणाले, ‘मिहरान आगा, पडला! गव्हाच्या दाण्याएवढा होता, काडेपेटीत जपून ठेवलाय, बघणार?’ मी नको म्हटले. म्हणाले, ‘तीन बाटल्यांत काम झालं! महिनाभर याच कंपनीचं पितोय, फरक नाही. तुमच्या बाटल्यांत काहीतरी वेगळं होतं.’ आणि मग त्यांनी सांगितले की चौथी बाटली त्यांनी मुद्दाम ठेवली आहे. त्यांचा जावई फरामर्झ आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तो शनिवारी ती बाटली घेऊन जाणार, तपासणार, आणि आत काय गुण आहे ते कळले की हाजी कंपनीला आभाराचे पत्र लिहिणार, म्हणजे इतर रोग्यांचाही फायदा. भला माणूस घातक असतो तो असा.

आता विचार करा. बाटली प्रयोगशाळेत गेली की मी कोर्टात. त्याहून वाईट म्हणजे त्या देवभोळ्या माणसाला कळणार की त्याने आयुष्यभर जे ओठाला लावले नाही ते मिहरानच्या घरचे होते. मग आमच्या दारात खुर्ची टाकून कोण बसणार, आणि माझ्याशी लबाडीने कोण खेळणार?

शुक्रवारी दुपारी मी कोट घालून डाव खेळायला गेलो. कोटाच्या आत, कोपरा न फाटलेली, म्हणजे निरुपद्रवी बाटली. हाजी म्हणाले, ‘या उकाड्यात कोट?’ मी म्हटले, कंबर धरलीय. म्हणाले, ‘कंबर धरलीय तर छातीला का धरून बसलात?’ बाटली आत फुसफुसत होती. (हल्ली कंपन्या या सरबतात एवढा गॅस का कोंबतात कळत नाही, चालताना मला वाटत होते छातीवर मांजर बसले आहे.) दुपारच्या नमाजाची वेळ झाली, हाजी आतल्या खोलीत गेले. पलीकडे तो माणूस देवापुढे वाकलेला आणि अलीकडे मी त्याच्या फ्रिजपुढे वाकलेलो. फरक असा की त्याला उठता येत होते. दही, पुदिना, लोणच्याची बरणी, आणि मागे ती, कोपरा फाटलेली. अदलाबदल केली, फ्रिजच्या दाराला धरून उभा राहिलो आणि सोंगट्यांवर येऊन बसलो. तो डाव मी जिंकलो. हाजी म्हणाले, ‘आज तुम्ही लबाडी केलीत.’

घरी येऊन न्हाणीघराची कडी लावली, बाटली उघडली आणि पुरावा पिऊन टाकायला सुरुवात केली. भाऊ, सरबत! गोड सरबत! ना कडूपणा, ना कैफ, ना वास. मी टबाच्या कडेवर बसून हसलो आणि मग मला तुमचा राग आला. एवढी रजई, एवढे पाणी, एवढी धडधड, आणि तुमच्या अमेरिकन यीस्टने काहीच केले नव्हते! मेलेली पुडी पाठवलीत तुम्ही. कोपरा फाटलेल्या उरलेल्या सगळ्या बाटल्या मी रागाने द्राक्षाच्या वेलाच्या मुळाशी ओतल्या. सिरानुश ओट्याशी उभी राहून बघत होती. मी म्हटले, काही बोलू नकोस. ती म्हणाली, मी कुठे काय बोलतेय.

(शनिवार, पण पुढच्या आठवड्यातला.)

फरामर्झ बाटली घेऊन गेला आणि मी निवांत झोपलो. परवा संध्याकाळी तो आमच्या दारात आला. मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. म्हणाला, ‘मिहरानकाका, इतकी वर्षं नोकरी केली, असा नमुना पाहिला नाही!’ मी मनात म्हटले, वा रे सरकारी शास्त्रज्ञ, दुकानातले सरबत ओळखता येत नाही! तो म्हणाला, ‘पण एका बाटलीवर अहवाल लिहिता येत नाही, नियम असा आहे. तश्शाच हव्यात, त्या जिन्याखाली ठेवलेल्या आहेत ना, तशा.’ मी म्हटले, बाळा, सगळा क्रेट ने, आणखी एक आहे, तोही ने. कोपरा न फाटलेल्या जेवढ्या होत्या तेवढ्या मी स्वतः त्याच्या गाडीत ठेवल्या. सिरानुशने माझी बाही ओढली. मी तिला बाजूला घेऊन म्हटले, अगं, जवाच्या पाण्यावर खूश होतोय मूर्ख, होऊ दे. काल तो कार्यालयातल्या आणखी दोन सहकाऱ्यांना घेऊन आला, जिन्याखालची जागा दाखवली, तिघेही तिथे टोप्या काढून उभे राहिले. असली माणसे जनतेचे आरोग्य सांभाळतात. मी फार दिवसांनी इतका हसलो.

असो. बिअरचा नाद मी कायमचा सोडला आहे. हातयंत्र माळ्यावर टाकले. यापुढे चहा, आणि शांतता. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मिहरान

ता. क. नाद सोडला असला तरी तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या दुकानदाराने तुम्हाला मेलेले यीस्ट विकले त्याच्याकडून बदलून नवी पुडी घ्या. ती मला पाठवलीत तर मी नुसती जवळ ठेवीन.

आणखी ता. क. फरामर्झचे नाव पत्रात लिहायला नको होते. खोडत नाही, खोडले की लक्ष जाते.

दादा, मी सिरानुश. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, गोंदाच्या वासाने यांची छाती धडधडते. हे पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं आणि तरीही त्यांच्या लक्षात आलं नाही. युक्ती लिहिली आहे ना, ती परत वाच. कोपरा सरबताचा फाडला होता, बिअरचा नाही. मी हाजींना बरोबर तेच दिलं होतं, साधं जवाचं पाणी. हाजींनी वावगं काही घेतलेलं नाही, खडा त्याची वेळ झाली म्हणून पडला. मग हे कोट घालून गेले आणि हाजींच्या घरात बिअर स्वतःच्या हातांनी ठेवून आले. आणि मग उरलेली सगळी आरोग्य खात्याला दिली, गाडीत नीट लावून. वेलाला सरबत मिळालं.

चार वेळा तोंड उघडलं मी, दादा. चारही वेळा गप्प बस म्हणाले. बसले. आता सांगितलं तर यांना पुन्हा झोप लागायची नाही, आणि यांना झोप नसली की मलाही नसते.

फरामर्झ मुलगा वाईट नाही. काल दारात हळूच म्हणाला, ‘काकू, काकांना काही सांगू नका, घाबरतील. सासऱ्यांच्या कानावर तर अजिबात नको. पण पुढचा नमुना कधी?’ तोंड बंद राहायला त्यात काहीतरी ओतत राहावं लागतं, हे तुला कॅलिफोर्नियात शिकवायला नको.

तुझं यीस्ट जिवंत होतं हो. बिअर फक्कड झाली होती. दोन बाटल्या मी पिठाच्या डब्यामागे ठेवल्यात, एक आत्ता हे लिहिताना उघडली आहे.

तेव्हा एक कर. यांना माफीचं पत्र लिही, की पुडी मेलेलीच होती, दुकानदार चोर आहे, ही घे बदलून. ते मानाने पुन्हा बिअर करायला बसतील. पुड्या दोन पाठव, एक यांच्या नावाने आणि एक माझ्या. आणि लवकर कळव दादा. द्राक्षं उतरायच्या आत, कारण ते तिघं टोप्या हातात घेऊन परत यायचे आहेत.